गवताच्या मशीनचा पंचनामा

मशीन दुरुस्तीला मोर्शीच्या मेस्त्र्याकडं न्यायची नाही, जिथून घेतली त्या अमरावतीच्या डीलरकडंच न्यायची, हे मीच ठरवलं होतं. (आमच्या घरात काही बिघडलं की आधी 'हे कोणी ठरवलं होतं' असं विचारायची रीत आहे, म्हणून अगोदरच सांगून मोकळी होते.)

मशीन म्हणजे गवत कापायची. एका टोकाला इंजिन, मधात लांब दांडी, दुसऱ्या टोकाला फिरतं पातं. पट्टा खांद्यावर टाकायचा, दोरी ओढायची, की ती अशी ओरडते की बागेतले मोर शेजाऱ्याच्या वावरात जातात. बैल होते तेव्हा गवत काढायला डवरा फिरायचा, ओरडणं फक्त आमच्या घरधन्याचं असायचं. बैल विकले, डवरा छपरीत टांगला, आणि संत्र्याच्या झाडांमधलं गवत या मशीनच्या भरवशावर आलं.

आणि मशीन नेमकी श्रावणात बंद पडली. दोरी तुटली, दोरी लावली तर पेट्रोल चढेना. तेवढ्यात गवत गुडघ्याच्या वर गेलं. माझा लेक गोपाल त्या दिवशी बाजारातून आला तो तननाशकाचा डबा घेऊनच.

"माय, एक फवारा मारतो. कटकट मिटली," तो म्हणाला.

"अन् माई गाय काय तुया डब्यावरचं चित्र खाईन?"

"गाईले धुऱ्यावरचं, बांधावरचं कापून आनू."

"धुऱ्यावर शेजारच्या वामनरावनं पैलेच फवारा मारून ठेवला. पाह्यलं का तथी, चहात बुडवलेल्या टोस्टासारखं झालं गवत. अन् तरोट्याची, कुंजराची रानभाजी कोठून आनू मी? भाजीवाल्याकडून? तो त हसन मले."

बोलाचाली वाढली. शेवटी करार झाला. डीलरकडून मशीन दुरुस्त होऊन आली आणि चालली, तर बागेत फवारा नाही. नाही चालली तर गोपाल फवारा मारणार आणि मी त्या विषयावर तोंड उघडायचं नाही. (माझी सून प्रतीक्षा स्वयंपाकघरातून म्हणाली की दुसरी अट काही पाळली जायची नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं.)

म्हणून मशीन आणायला गोपालसोबत मीही अमरावतीला गेले. दुकानात पहिल्या पावलालाच मला गडबडीचा वास आला. दुकानाचे मालक ओमप्रकाश सेठ उठून उभे राहिले.

"या या माताजी. एकदम टकाटक करून देल्ली तुमची मशीन. देवमन, दाखव रे बाबा. अन् चाय सांग."

देवमन म्हणजे त्यांचा मेस्त्री. काळे हात, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, म्हणून त्याला हो-नाही एवढंच बोलता यायचं. त्यानं दोरी ओढली, मशीन ओरडली, त्यानं बंद केली. पाहायला एवढंच. मग चहा आला आणि चहात वेलची होती. आता तुम्हीच सांगा, नुसत्या दोरीच्या गिऱ्हाइकाला कोणता दुकानदार वेलचीचा चहा पाजतो? मी कप खाली ठेवला आणि मशीनकडं निरखून पाहिलं.

"गोपाल, हे बोडकी कावून दिसून राह्यली?"

"नवी साफ केली ना माय, म्हून तशी वाटते."

"डोक्यावर काईतरी होतं इच्या."

"तुया डोक्यात हाय ते," तो म्हणाला, आणि मशीन घेऊन चालू पडला. चहा मात्र त्यानं पूर्ण पिला. माझाही.

घरी आलो तो पोळ्याचा आदला दिवस होता. मशीन छपरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पोळा. आमच्याकडं बैल नाहीत, पण पुरणपोळी केली. पोळीला काही बैलाची अट नसते. आमचे हे, म्हणजे किसनराव, तोरणाखाली पोळा पाहायला गेले नाहीत. बैल विकल्यापासून जात नाहीत. ओसरीत बसून राहिले. करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोणी कामाला हात लावत नाही. ते झालं आणि गोपालनं मशीन खांद्यावर घेतली.

मी धुऱ्यावर उभी राहून पाहत होते. (करार होता, साक्षीला कोणीतरी पाहिजे.) पहिली ओळ छान कापली. गाईसाठी मी पदरात गवत गोळा करायला लागले आणि मनात म्हटलं, घ्या, झालं ना. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीत मशीनचा आवाज बारीक झाला, मग जाड झाला, मग कोणीतरी मधूनच गळा धरावा तशी खर्रर्र करून गप्प. गोपालनं दोरी ओढली. दोरी हलेना. धूर येत होता आणि धुरात जळका, पण जरा गोडसर वास. मला तर शिऱ्याचा भास झाला. सकाळपासून जेवले नव्हते, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

"इंजिन बसलं," गोपाल म्हणाला.

"कोठी बसलं?"

"आत धरलं, माय. जाम झालं. आता काई उठत नाई ते." आणि तो छपरीकडं बघायला लागला, जिथं तो डबा ठेवला होता.

मी म्हटलं, थांब. आधी फोन लाव. त्यानं फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. तिकडून देवमन बोलला, आणि या वेळी त्याच्या तोंडात खर्रा नव्हता, कारण चांगलं लांबलचक बोलला.

"पेट्रोलमंधी ऑइल टाकलं नसन तुमी."

"टाकलं बापा. माप लावून टाकलं," गोपाल म्हणाला.

"मंग कमी टाकलं असन."

"बरोबर टाकलं."

"मंग दुसरं टाकलं असन."

मी मधात पडले. "अन् तू दुरुस्त करून देल्ली ते? तीन ओळी चालाची दुरुस्ती असते का?"

"आजी, मशीन आमच्याकडून चालू गेली."

"मी बी माहेरून चालूच आली होती. मंग इथी मले काई झालं तर कोनाचं नाव घेऊ?"

तिकडून फोन कट झाला. माझा संशय तिथंच पक्का झाला. ज्याचं मन साफ असतं तो माणूस माझं पूर्ण ऐकून घेतो. (असं आतापर्यंत कोणी भेटलं नाही हा भाग वेगळा.)

तरी मी न्यायानं चालणारी बाई. आधी घरची चौकशी केली. सगळ्यात पहिला संशय गोपालवर. मशीन मेली आणि त्याच्या तोंडावर जेवढं दुःख पाहिजे तेवढं नव्हतं. मी त्याची ऑइलची बाटली आणून उजेडात धरली, हुंगली.

"माय, मी कावून माया हातानं मायी मशीन बिघडवीन?"

"डबा आनून ठेवला ना तू. तो डबा वापरासाठी."

"तुले वाटते मी गवतासाठी खून केला?"

"मशीनचा. हाव."

मग प्रतीक्षा. तिला विचारलं की ऑइलच्या मापातून तू कधी काही मोजलं का, तेल, फिनाईल, काही.

"आत्याबाई, मी त्या मशीनजवळून जात बी नाई. मागच्या वक्ती पदर गेला होता तिच्यात."

"तोच राग असन."

"राग असता तर मी तिले चुलीत टाकली असती, ऑइल कशाले कमी करू?" ती म्हणाली. यात तथ्य होतं. तिच्या रागाची पद्धत मला ठाऊक आहे.

मग शेजारचा वामनराव. तो सहज धुऱ्यावर आला आणि म्हणाला, "कावो वैनी, नवी दोरी लावून बी बंद पडली म्हंतात."

"तुले कोनं सांगतलं दोरी नवी हाय?"

"कोनी नाई. दिसून राह्यली."

"म्हंजे तू निरखून पाह्यली. कवा पाह्यली? कोनी होतं का तवा जोळ?"

वामनराव आला तसा माघारी गेला. त्यानंतर तो आमच्या धुऱ्यावरून जाताना आकाशाकडं बघत जायचा.

सगळ्या घरात एका माणसावर मला संशय आला नाही, तो म्हणजे किसनराव. यांच्या हातून काही बिघडायचं म्हणजे आधी यांनी काही करायला पाहिजे. हे मात्र सारखे माझ्या मागं लागले होते.

"जाऊ दे ना वो. मशीनच हाय. होते काई बी तिले."

"तुमी चूप बसा."

"सेठ चांगला मानूस हाय."

"चहा पाजला म्हून चांगला?"

"मी कोठी पेलो त्याचा चहा? मी तर घरी होतो," हे म्हणाले, आणि घाईनं गाईला पाणी दाखवायला गेले. गाईनं नुकतंच पाणी पिलं होतं.

गोपालनं सांगून टाकलं, "डीलर तू ठरवला होता. तूच जाय. मले टाइम नाई. येत्या इतवारी मशीन चालू नसन, तर मी फवारा मारतो. मंग गाईसमोर रडू नोको."

म्हणून मी निघाले. गोपालनं दांडी सोडून घेतली आणि नुसतं इंजिन माझ्या हाती दिलं. मी ते गोधडीत गुंडाळलं. वरून सुतळीनं आवळून माझी गाठ मारली. ही गाठ माझ्याशिवाय कोणाला सुटत नाही, म्हणजे वाटेत कोणी आत हात घालून पुरावा फिरवायचा प्रश्न नाही. सोबतीला किसनराव. यांना नको होतं यायला. म्हणत होते गुडघा दुखतो. मी म्हटलं, दुकानात बसायला खुर्ची असते.

एसटीत इंजिन मी मांडीवर घेतलं. कंडक्टर आला.

"आजी, याचं लगेज लागन."

"मांडीवर हाय ना बापा. लगेज खाली असते."

"मांडीवर लेकरू असते."

"मंग लेकरूच समज."

"लेकराले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"बापावर गेलं," मी म्हटलं. किसनराव खिडकीबाहेर पाहायला लागले. मोर्शीपासून अमरावतीपर्यंत त्यांनी मान आत घेतली नाही. शेजारच्या बाईनं गोधडीवर हात ठेवून विचारलं की किती महिन्याचं, तेव्हा तर मला वाटलं हे खिडकीतूनच उतरतात की काय.

दुकानात शिरल्या शिरल्या ओमप्रकाश सेठ उभे राहिले. "या माताजी. देवमन, चाय..."

"चाय नोको," मी म्हटलं. "आज चाय, पानी, सुपारी काई नोको. आज न्याय पाह्यजे."

दुकानात गिऱ्हाइकं होती. सेठचा आवाज खाली आला. "माताजी, न्याय तर सरळ हाय. बिना ऑइलचं पेट्रोल टाकलं की इंजिन बसते. यामंधी दुकानाची काय गलती?"

"बिना ऑइलचं टाकलं हे तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं नाही. पर होतं असंच."

"असंच होते त मंग मी बी म्हंतो, तुमच्या देवमननं आतलं काई काढून घेतलं. मी बी नाई पाह्यलं. पन होते असंच."

देवमननं टेबलाखाली काहीतरी पायानं सरकवलं. माझी नजर तिथंच होती. संशय लगेच बाहेर काढायचा नसतो, मुरू द्यायचा असतो.

सेठनं हात जोडले. "ऐका माताजी. कंपनीचे साहेब आज अकोल्याहून येऊन राह्यले, अश्विन साहेब. तेच खोलतील मशीन. ते म्हणतील ते मला कबूल. तुम्हाला?"

"मले बी कबूल. पन तवर मशीन मायाजोळ राहीन."

"राहू द्या. तुम्ही पण बसा."

मी बसले. मधातल्या खुर्चीवर, मांडीवर गोधडी घेऊन. किसनराव कोपऱ्यात. आणि बघता बघता दुकानाचा धंदा बसायला लागला, कारण प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्याकडं बघायचं. वरूडकडचा एक बागाईतदार फवारणी पंप पाहत होता.

"पंप घेऊन राह्यले का भाऊ?" मी विचारलं.

"हाव आजी."

"घ्या घ्या. चांगला असन. आमी बी चांगली म्हून मशीन घेतली होती." आणि मी गोधडीवर हळूच हात फिरवला.

"काय झालं मशीनले?"

"काई नाई. तीन ओळी जगली."

त्या माणसानं पंप खाली ठेवला आणि म्हणाला, येतो जरा बाजारातून. असे तीन-चार बाजारात गेले. सेठ घाम पुसत म्हणाले, "माताजी, तुम्ही आतल्या खोलीत बसा, तिथं कूलर हाय."

"नोको. मले हवा लागली की सर्दी होते."

मग सेठ किसनरावकडं वळले. "बाबूजी, तुम्ही तरी चाय घ्या." आणि यांनी चहा घेतला. माझ्या समोर घेतला. मला वाटलं, बघा, आपलाच माणूस फुटला. यांची नजर सारखी त्या गोधडीकडं जायची आणि मग छताच्या पंख्याकडं. मला वाटलं, हे सेठशी आतून मिळालेले आहेत. जाताना हळूच हातात काही पडणार यांच्या. आयुष्यभर सोबत राहिलं म्हणून काय झालं, वेलचीच्या चहापुढं माणसाचा काय भरवसा.

एकदाचे अश्विन साहेब आले. पोरगेलसा साहेब, कंपनीचा टी-शर्ट, हातात हत्यारांची पेटी. ओळख झाली आणि म्हणाले, "आजी, खोला गोधडी."

मी गाठ सोडायला लागले. सुटेना. दातानं ओढली, तरी सुटेना. सेठनं कैची पुढं केली. दुकानाची कैची माझ्या सुतळीला लागणं मला बरं वाटत नव्हतं, पण अश्विन साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, म्हणून मी डोळे बारीक करून कापू दिलं.

साहेबांनी आधी टाकीतलं पेट्रोल एका बाटलीत ओतलं, उजेडात धरलं, बोटावर चोळलं.

"ऑइल बरोबर आहे," साहेब म्हणाले. "व्यवस्थित मिसळलेलं आहे."

मी सेठकडं पाहिलं. (आणि जरा जोरात खाकरले.) मग साहेबांनी इंजिन फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "याचं वरचं कव्हर कुठं आहे?"

"कव्हर?" सेठ म्हणाले.

"इंजिनावर प्लास्टिकचं कव्हर असतं. पंख्याची हवा त्याच्या आतून इंजिनाच्या पट्ट्यांवर जाते, त्यानं इंजिन थंड राहतं. ते नाहीच इथं."

मी उठले, देवमनच्या टेबलापाशी गेले, खाली वाकले आणि खोक्यातून नारिंगी कव्हर काढून साहेबांच्या समोर ठेवलं. आमच्याच मशीनचं. त्याच्यावर गोपालनं खिळ्यानं कोरलेलं आमचं आडनाव होतं.

"म्हनलं होतं ना मी, बोडकी दिसून राह्यली म्हून," मी म्हटलं. "मायं कोनी आयकत नाई."

देवमन म्हणाला, "लावाचं राहून गेलं. पोळ्याची गर्दी होती, सेठ."

सेठनं देवमनकडं असं पाहिलं की त्याचा खर्रा घशात गेला. आणि मी त्या मधातल्या खुर्चीवर जाऊन अशी बसले, जशी निवडून आलेली सरपंच बसते. मला वाटलं आता गावात जाऊन पहिल्यांदा वामनरावला सांगायचं, मग गोपालला, मग तो डबा स्वतःच्या हातानं मोर्शीला परत द्यायचा. एवढंच नाही, मी म्हटलं, "किसनराव, आता मागवा चाय." यांच्या तोंडावर मी यांचं नाव कधी घेत नाही. त्या घटकेला घेतलं, एवढी हवा गेली होती माझ्या डोक्यात.

"थांबा," अश्विन साहेब म्हणाले. "नुसतं कव्हर नाही म्हणून एवढ्या लवकर बसत नाही. हे काय आहे?"

त्यांनी पेचकसानं इंजिनाच्या पट्ट्यांमधून काहीतरी खरवडलं. पिवळं, करपलेलं, गवताच्या बारीक काड्या चिकटलेलं. कढईच्या तळाला लागतं तसं. पट्ट्यांमधल्या फटी काठोकाठ भरल्या होत्या. साहेबांनी नाकाशी नेलं.

"हे ग्रीस नाही. काय आहे हे, सेठ?"

सेठनं हुंगलं. देवमननं हुंगलं. दुकानात उरलेलं एक गिऱ्हाईक होतं, त्यानंही हुंगलं आणि म्हणालं, "तूप हाय हे. गाईचं."

"अन् हळद," देवमन म्हणाला. आता त्याच्या आवाजात जीव आला होता.

मला हुंगायची गरज नव्हती. तो शिऱ्याचा वास होता. माझ्या गाईचं तूप, माझ्या कोठीतलं. आणि तूप आणि हळद एकत्र कशाला लावतात ते वऱ्हाडात कोणाला विचारायचं काम नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा मळतात, तूप-हळद लावून. वर्षभर जू ओढून सुजलेला तो खांदा. मळताना बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.

मी कोपऱ्याकडं पाहिलं. हे पंख्याकडं पाहत होते. पंखा बंद होता. यांचे कान लाल झाले होते, आणि मांडीवरच्या हाताच्या नखांत अजून पिवळं होतं. आठवड्यापासून माझ्या समोर बसून जेवत होते हे त्या हातानं, आणि मी वामनरावची नखं तपासत होते.

"तूप कोणी लावलं मशीनला?" अश्विन साहेबांनी विचारलं.

दुकानात सगळे माझ्याकडं पाहत होते. आता काय सांगू तुम्हाला. म्हातारा माणूस, बैल विकल्यापासून तोरणाखाली जात नाही, आणि बाजारपेठेत उभं करून त्याला हसायचं? शिवाय घरच्या माणसाला रागवायचं ते घरीच बरं. रस्त्यावर रागावलं की अर्धी मजा दुसरेच घेतात.

"मी लावलं," मी म्हटलं.

"तुम्ही? का?"

"पोळा होता. बैल नाई घरी. मंग खांदा कोनाचा मळू? जे खांद्यावरून चालते त्याचाच मळला. कव्हर असतं त वरच्या वर लागलं असतं. तुमच्या देवमननं खांदा उघडा ठेवला, म्हून आत गेलं."

पहिल्यांदा देवमन हसला. मग सेठ. मग ते गिऱ्हाईक तर खुर्ची धरून खाली बसलं. अश्विन साहेबांनी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांचा टी-शर्ट हलत होता.

"माताजी," सेठ डोळे पुसत म्हणाले, "दसऱ्याला आमच्या तराजूला कुंकू लागतं. पर आम्ही त्याला जेवायला नाही बोलवत."

मग भांडण झालं, ते आता तोंडातोंडी. सेठ म्हणाले तूप नसतं तर इंजिन चाललं असतं. मी म्हटलं कव्हर असतं तर तूप आत गेलं नसतं. सेठ म्हणाले कव्हर नसलं की तूप चोळायचं असं कुठं आहे. मी म्हटलं असंही कुठं नाही की चोळायचं नाही. शेवटी साहेबांनी निवाडा दिला. कव्हर दुकानाचं चुकलं, तूप घरचं चुकलं. पिस्टन आणि सिलिंडर दुकान देईल, बाकीचं घरच्यांनी पाहायचं, आणि शनिवारपर्यंत मशीन चालू झाली पाहिजे. मी मान डोलावली. जिंकले म्हणता येईना, हरले असं म्हणायची मला सवय नाही.

परतीच्या एसटीत यांनी तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाले, "कोठीतलं तूप जास्त घेतलं नव्हतं मी."

"विचारलं का मी?"

"खांद्यावर टांगाची वस्तू. खांदा मळल्याबिगर कामाले कशी न्यायची, म्हून..."

"पट्टा गोपालच्या खांद्यावर असते. त्याचा मळाचा होता."

"त्यानं मळू देल्ला नसता," हे म्हणाले. मोर्शी आली तेव्हा म्हणाले, "चांद्या मळू द्यायचा. मान खाली घालून उभा राह्यचा." चांद्या आमचा डावीकडचा बैल.

मी ठरवलं होतं की घरी फक्त कव्हराचं सांगायचं. पण एसटीपेक्षा ओमप्रकाश सेठचा फोन वेगानं गेला होता. आम्ही दारात पाय ठेवला तर प्रतीक्षा तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळलेली, वामनराव सहज म्हणून ओसरीत बसलेला, आणि गोपालच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "मशीन जेवली का पोळ्याच्या दिवशी?"

मी यांच्याकडं पाहिलं. आता घर आहे, आता सांगतील. यांनी खाटेवर बसून पायातलं काढलं.

शनिवारी मशीन आली, कव्हरासकट. गोपालनं इतवारी सारी बाग कापली. फवाऱ्याचा डबा त्यानं स्वतः मोर्शीला परत नेऊन दिला. एवढं हसल्यावर त्याला भांडता येईना. गाय पोटभर हिरवं खाते आहे. माझं जे मागणं होतं ते सगळं झालं. फक्त गोपालनं एक अट घातली. मशीन आता छपरीत राहणार नाही. कोठीच्या बाजूच्या खोलीत, कुलुपात.

"अन् किल्ली बाबापाशी," तो म्हणाला. "मायचा हात लागू नाई द्याचा मशीनले. बाबा, तुमी ध्यान ठेवजा."

यांनी किल्ली घेतली, करगोट्याला बांधली, दोनदा ओढून पाहिली.

"ठेवतो," हे म्हणाले. "मी त तवाच म्हनत होतो इले. मशीनले तूप लावत असतात का कोनी."

आणि ते इतक्या सरळ तोंडानं बोलले, की मी घटकाभर माझाच हात नाकाशी नेऊन पाहिला.